शेवटचं पाणी कुणी पाजलं

ज्या वर्षी सोपान तुरुंगातून सुटून आला, त्या वर्षी वैशाखात मी महादेवापुढं दिवा लावायचा बंद केला. देवाशी भांडण काढलं, असंही नाही. काडी पेटवायला हात उठेना, एवढंच. लग्न होऊन या वाडीत आले तेव्हापासून सोमवार मोडला नव्हता, पण त्या दिवसांत घरातल्या देवळीसमोर बसलं की मनात एकच यायचं, की मी इतकी वर्षं कुणाला हाक मारतेय आणि तिकडं कुणी ऐकतंय तरी का?

आमची वाडी भाटघर धरणाच्या पाण्याच्या कडेला, डोंगराच्या उतारावर आहे. आमचा महादेव पाण्यात आहे. धरण झालं तेव्हा जुनं देऊळ पाण्याखाली गेलं. वर्षातला बराचसा काळ त्याचं काही दिसत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आधी शिखराचा दगड दिसतो, मग हळूहळू सगळं देऊळ गाळातून वर येतं. मी नवी नवरी असताना सासूबाईंनी मला पाण्याच्या कडेला नेऊन नमस्कार करायला लावला होता. समोर नुसतं पाणी. मी म्हटलं, आत्या, देव कुठं हाय? त्या म्हणाल्या, "खाली हाय. दिसला न्हाई म्हनून काय झालं, त्याला आपण दिसतोय." तेव्हापासून रोज सकाळी म्हशीला पाण्यावर नेताना मी त्या पाण्याला हात जोडत आले.

सोपान माझा चुलत दीर. त्याचं घर आणि आमचं घर यांत एकच भिंत आहे, आणि विहीरही सामाईक. चैत्रात विहिरीचं पाणी तळाला गेलं की मोटर कुणी कधी लावायची यावरून कुरबुर व्हायचीच, ती दरवर्षीची होती. त्या दिवशी ती वाढली. मी माहेरी, कामथडीला, बहिणीच्या मुलीच्या साखरपुड्याला गेले होते. दुपारी विहिरीवर सोपान आणि आमचे मालक यांची बाचाबाची झाली आणि सोपाननं हातातल्या खोऱ्याचा दांडा त्यांच्या डोक्यात घातला. मालक विहिरीच्या कठड्यावर पडले. मला निरोप आला तेव्हा नुसतं "लागलंय" असं सांगितलं होतं. भोरला दवाखान्यात पोचले तर तोंडावरून चादर ओढलेली होती.

जो गेला तो परत येत नाही, हे मी, वाडीच्या अंगणवाडीत लेकरांना शुभंकरोती शिकवते तसं, स्वतःला रोज शिकवलं. पण एका गोष्टीनं मला आतून पोखरलं. मालकांना अंघोळ घातली तेव्हा मी त्यांचे ओठ पाहिले होते. पार कोरडे, भेगा पडलेले. चैत्रातली भर दुपार, डोक्याला मार, आणि मरणाऱ्याच्या तोंडात पाण्याचा थेंब तरी पडावा असं आपल्यात मानतात. तो पडला का? त्यांनी पाणी मागितलं असेल का? मागितलं असेल आणि शेजारी विहीर असून कुणी दिलं नसेल का? धावून गेलेल्या माणसांना मी विचारलं. ते म्हणाले, "वैनी, आमी पोचलो तवा संपलं व्हतं." सोपान तिथंच बसून होता, पळाला नव्हता. ठाऊक असलं तर त्याला एकट्याला ठाऊक. आणि त्याला विचारायचं कसं? तो आधी पोलिसांच्या ताब्यात गेला, मग कोर्टात, मग तुरुंगात. मी कोर्टाची पायरी चढले नाही. पुरुषमाणसं गेली आणि शिक्षा झाल्याचं येऊन सांगितलं. त्या दिवसापासून मी त्या विहिरीचं पाणी तोंडाला लावलं नाही. रोज सकाळी पाण्याला हात जोडून म्हणायचे, तू पाण्यात बसलायस, तुला ठाऊक असेल, मला एकदा सांग. वर्षं गेली. लेक मोठी झाली, तिचं किकवीला लग्न झालं. उत्तर आलं नाही.

आणि मग सोपान आला.

तो एसटीतून उतरून चालत वाडीत शिरला तेव्हा मी ओट्यावर डाळ निवडत होते. मी त्याला ओळखलंच नाही. केस पिकलेले, खांदे पडलेले, हातात एक कापडी पिशवी. स्वतःच्या दारापुढं येऊन तो उभा राहिला. दार उघडंच होतं, तरी तो आत जाईना. दोन्ही हात मागं बांधून, मान खाली घालून उभा. त्याची आई, माझी चुलत सासू, हिला डोळ्यांनी नीट दिसत नाही. तिला कुणीतरी उभं आहे एवढं कळलं. "कोण हाय?" म्हणाली. तो बोलला नाही. म्हातारी चाचपडत आली, त्याचा चेहरा चाचपला आणि मग म्हणाली, "आत ये की रं. दारात का उभा?" तेव्हा तो आत गेला. पुढं मला कळलं की तुरुंगात सांगितल्याशिवाय कुठल्याच दारातून जायचं नसतं. घरातही तो कित्येक दिवस असाच उंबऱ्याशी थांबायचा.

त्या संध्याकाळी वाडीतली जाणती माणसं माझ्याकडं आली. "वैनी, तुमी काळजी करू नका. त्याला हितं टिकू देत न्हाई आमी." मी काही बोलले नाही, आणि माझं न बोलणं त्यांनी होकार समजलं. दुकानदार त्याला माल देईना. गिरणीवाला त्याचं दळण घेईना. समोरून आला की माणसं वाट बदलायची. विहिरीकडं तर तो स्वतःच फिरकला नाही, धरणावरून डोक्यावर कॅन भरून आणायचा. त्याची बायको मुलांना घेऊन केव्हाच माहेरी निघून गेली होती, ती काही आली नाही. म्हातारी स्वतः दळणाचा डबा कडेवर घेऊन भिंत धरत गिरणीत जायची. तिला मात्र कुणी अडवत नव्हतं. पहिले काही दिवस मला बरं वाटलं, ते मी लपवत नाही. पण म्हातारी एकदा माझ्या ओट्यापाशी दम खायला टेकली, डबा बाजूला ठेवला, आणि काही न बोलता उठून गेली. त्या दिवसापासून मला भाकरी गोड लागेना. सगळी वाडी हे माझ्यासाठी करत होती, आणि मला कुणी विचारलं नव्हतं. दिवा बंद झाला तो याच दिवसांत.

अशातच एक दिवस सकाळी अंगणवाडी सुटायच्या वेळी एक बाई आल्या. भोरच्या होत्या. साधी सुती साडी, खांद्याला पिशवी, चेहरा उन्हानं रापलेला. "जयभीम ताई," म्हणाल्या, आणि लेकरांच्या सतरंजीवरच बसल्या. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना घरी, गावात परत आणायचं, कामाला लावून द्यायचं काम त्या करतात, भोर-वेल्ह्याच्या गावांतून फिरतात, असं त्यांनी सांगितलं. मी लगेच म्हटलं, "मला माफ करा म्हणायला आला असाल तर आल्या पावली जावा."

त्या म्हणाल्या, "न्हाई ताई. तसं म्हणायचा मला हक्कच न्हाई. सोपानभाऊंकडं जायच्या आधी तुमच्याकडं आलेय. एवढंच विचारायचंय, की तुमाला काय हवंय?"

 मालक गेल्यापासून मला काय करायचं ते सगळ्यांनी सांगितलं होतं. धीर धर, लेकीकडं बघ, केस लढव, विसरून जा. मला काय हवंय, हे कुणी विचारलं नव्हतं.  "काय नको," एवढंच म्हटलं. त्यांनी आग्रह धरला नाही. मी चहा केला, तो त्या प्यायल्या. निघताना मी विचारलं की तुम्ही हे काम कशापायी धरलंत. त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली. मग म्हणाल्या, "माझा भाऊबी असाच सुटून आला व्हता. कुणी टेकू दिलं न्हाई त्याला. एका सकाळी निघून गेला, त्यो आजवर आला न्हाई. तवापास्नं वाटतं, माणूस घरी आला की त्याला घर मिळावं."

त्या गेल्या, पण त्यांचा प्रश्न माझ्याकडंच राहिला. भांडी घासताना, धार काढताना तो माझ्यापुढं येऊन बसायचा. तुमाला काय हवंय? सोपान मरावा असं हवं होतं का? कधीकाळी होतं. तो निघून जावा? मग म्हातारीचं काय? हे सगळं एकेक करून बाजूला सारलं तरी तळाशी एक गोष्ट उरायचीच, आणि ती मला पहिल्यापासून ठाऊक होती. मालकांना पाणी मिळालं का, हे मला हवं होतं. पण ते त्याच्या तोंडून ऐकायचं म्हणजे त्याच्यापुढं उभं राहायचं, आणि उत्तर "न्हाई" आलं तर मग मी जगायचं कसं, ही भीती. मनातल्या मनात महादेवाला म्हटलं, मला हे जमायचं नाही, तुला काही करायचं असेल तर तूच कर. हात जोडून नाही म्हटलं. थकून म्हटलं.

पुढं जे झालं ते मी जसं झालं तसं सांगते. त्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

त्याच दुपारी माझी म्हैस दावं तोडून गेली. गरीब म्हैस, कधी असं करणारी नव्हे. पाणी त्या वर्षी खूप आत गेलं होतं, देऊळ पूर्ण उघडं पडलं होतं आणि भोवती ओला गाळ होता. म्हैस उताराला लागली आणि थेट देवळाकडं चालली. म्हशीला गाळ आवडतो, हे मला कळतं. पण जवळच्या काठाला भरपूर गाळ होता. ती तिथं थांबली नाही. मी हाका मारत मागं. देवळाच्या मागच्या अंगाला जाऊन ती गाळात बसली आणि उठायलाच तयार होईना. मी तिथं धापा टाकत उभी, आणि देवळातून पाटी आपटल्याचा आवाज आला.

गाभाऱ्यात वर्षभराचा गाळ साचतो. तो उन्हाळ्यात वाडीतली माणसं मिळून काढतात, त्या वर्षी अजून कुणी हात लावला नव्हता. सोपान एकटाच तो पाटीनं भरून बाहेर टाकत होता. कोपरापर्यंत काळा, धोतराचा सोगा खोचलेला. वाडीत त्याला कुणी काम देत नव्हतं, तर त्यानं हे काम शोधलं होतं. मला बघताच तो पाटी ठेवून बाहेर आला आणि भिंतीकडं तोंड करून, हात मागं बांधून उभा राहिला. माझी वाट सोडून. मी निघून जाऊ शकले असते. पण म्हैस उठत नव्हती, तिला टाकून जाता येत नव्हतं, आणि आसपास कुणी नव्हतं. मग माझ्याच तोंडून शब्द गेले. मी ते जुळवले नव्हते.

"मालकांनी पाणी मागितलं व्हतं का?"

तो भिंतीकडंच बघत बोलला. "व्हय वैनी."

"मग?"

"म्या खोरं टाकलं. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. 'पाणी' म्हनला. विहिरीत उतारलो, भांडं नव्हतं, डोक्यावरची टोपी भिजवली. वर आलो आन् त्याच्या तोंडात पिळली. गिळलं त्यानं. परत एकदा उतारलो. परत गिळलं."  मी म्हटलं, "मग काय म्हणले?" तो म्हणाला, "'ती आली म्हंजी तिला सांग, म्हशीला पाणी दाखवायचं ऱ्हायलंय.' मग काय न्हाई बोलला. माझ्याकडं बघत व्हता. रागानं न्हाई. तसं बघितलं असतं तर बरं झालं असतं."

मी विचारलं, हे कोर्टात का नाही सांगितलंस? "वकील म्हनले, इचारतील तेवढंच बोल. कुणी इचारलं न्हाई. आन् तुमाला कोणत्या तोंडानं सांगू, वैनी? म्याच मारलं, म्याच पाजलं."

मी देवळाच्या पायरीवर बसले. रडले किती ते मला सांगता येणार नाही. सोपान हलला नाही, जवळही आला नाही. समोर गाभाऱ्यातली पिंड होती, अर्धी गाळात, अर्धी त्यानं मोकळी केलेली. मी तिच्याकडं बघत होते आणि इतकं हलकं वाटत होतं की त्याची भीती वाटली. मालक तहानलेले गेले नव्हते. त्यांच्या तोंडात आमच्या विहिरीचं पाणी होतं आणि मनात मी होते, म्हैस होती, घर होतं. काही वेळानं म्हैस आपणहून उठली आणि घराच्या वाटेला लागली. मी तिच्यामागं निघाले. सोपानशी आणखी एक शब्द बोलले नाही.

त्या एका दुपारी सगळं मिटलं असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. पुढचे काही दिवस राग परत परत उसळून आला. पाणी पाजलंस, पण ते पाजायची वेळ कुणी आणली? हे मी भिंतीकडं बघून म्हणायचे, कारण पलीकडं तो होता. पण विहिरीवर गेले, पोहरा वर ओढला आणि ओंजळीनं पाणी प्यायले. इतक्या वर्षांनी ते गोडच लागलं. मग एक दिवस म्हातारी दळणाचा डबा घेऊन निघाली, तेव्हा मी तो तिच्या हातातून घेतला आणि गिरणीत गेले. गिरणीवाला म्हणाला, "हे तुमचं दळण न्हाई वैनी." मी म्हटलं, "आत्याच्या घरचं हाय. दळ. आन् उद्या सोपान आणील, त्याचंबी दळ. माझ्यासाठी कुणी उपाशी राहू नये." तो गोंधळून बघत राहिला, पण दळण दळलं. बातमी वाडीभर झाली. काहींना ते आवडलं नाही. "बाईला काय झालं?" असं बोलले.

भोरच्या ताई परत आल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला. मग म्हणाल्या की सोपान आत सुतारकाम शिकलाय. किकवीजवळ हमरस्त्याला दारं-खिडक्या करणाऱ्या एका शेडवाल्याला हाताखाली माणूस हवाय. पण तो म्हणतो, गावातल्या कुणीतरी येऊन सोपानबद्दल चांगलं सांगावं. ताई वाडीतल्या जाणत्यांकडं गेल्या होत्या. ते सगळे एकच बोलले, आम्ही सांगितलं तर त्या बाईला काय वाटेल?

"मग ती बाईच येते की," मी म्हटलं.

एसटीत मी आणि ताई पुढं बसलो, सोपान मागच्या बाकावर. वाटेत मनात घोळत राहिलं. आपण हे काय करतोय, मालकांना कसं वाटेल, आणि किकवीतच दिलेली माझी लेक, तिला कळलं तर? खिडकीतून धरणाचं पाणी दिसत होतं तोवर मी त्याच्याकडं बघत बसले. महादेवाकडं मागितलं काही नाही. आता तूच मला नेतोयस, असं मात्र वाटत होतं.

लाकडाच्या भुश्शानं भरलेल्या शेडमध्ये एक वयस्क गृहस्थ खुर्चीत बसले होते, शेड त्यांचीच. त्यांनी सोपानला रंधा मारून दाखवायला सांगितलं. हात चांगला होता. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बाई, तुमी यांच्या कोण?"

"वैनी," मी म्हटलं. आणि मग म्हटलं, "यांच्या हातनं जे गेले, त्यांची बायको."

करवतीवरच्या माणसानं यंत्र बंद केलं. त्या गृहस्थांनी चष्मा काढला. "आन् तुमी सांगताय, याला कामाला घ्या म्हणून?"

"व्हय."

"चांगला माणूस हाय म्हणता?"

मी मागं वळून सोपानकडं पाहिलं. तो परत हात मागं बांधून उभा होता. मी म्हटलं, "रागीट व्हता. आता कसा हाय, ते मला पुरतं ठाऊक न्हाई. पण लपवून ठेवता आलं असतं ते यानं मला खरं सांगितलं. खोटं बोलत न्हाई, एवढं मी सांगते. आन् हितं काम न्हाई मिळालं तर हा कुठं जाईल, मला सांगता येत न्हाई."

त्या गृहस्थांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग सोपानला म्हणाले, "सोमवारपास्नं ये. जेवणाचा डबा घरून आण." आणि आम्हाला चहा सांगितला.

आता सोपान सकाळच्या एसटीनं जातो आणि दिवेलागणीला येतो. दारात थांबायची सवय सुटलीय. वाडीतल्या काही घरांत त्याच्याशी अजून बोलत नाहीत. माझी लेक तर माझ्यावरच रुसली. "आई, तू माझ्या बापाला विसरलीस," असं फोनवर म्हणाली. पुढं कधीतरी आली, विहिरीवर माझ्याशेजारी बसली, आणि तिला मी तिच्या बापाचं शेवटचं बोलणं सांगितलं. ती रडली. सोपानशी ती बोलत नाही, आणि बोल असं मी तिला म्हणत नाही. तिचा महादेव तिला तिच्या वेळेला जे सांगायचं ते सांगेल.

लोक मला विचारतात, तुम्ही त्याला माफ केलं का? मला खरंच ठाऊक नाही. पूर्वी मी त्याचं उत्तर शोधायचे, आता सोडून दिलंय. मी देवाकडं इतकी वर्षं उत्तर मागत होते आणि ते माझ्याच भिंतीपलीकडून यायचं होतं. पण ते ज्याच्या तोंडून यायचं, त्याला आधी माझ्या वाडीत राहायला जागा मिळायला हवी होती. त्या बाई आल्या, त्यांनी एक साधा प्रश्न विचारला, एका मुक्या जनावरानं वाट दाखवली, आणि मी त्याच्यामागं चालत गेले. यात माझं म्हणून काही मोठं नाही. चालायचं एवढंच माझं होतं, आणि तेसुद्धा मी थकून, हात टेकून केलं. त्या हात टेकण्यालाच बहुतेक शरण जाणं म्हणतात. मी ते फार उशिरा शिकले. पण शिकवणाऱ्यानं माझी वाट पाहिली, याबद्दल माझ्या मनात आता नुसती कृतज्ञता आहे.

परवा सोपाननं कामावरून उरलेल्या फळ्या आणून आमच्या अंगणवाडीला एक बुटकं बाक करून दिलं. लेकरं त्याच्यावर बसायला भांडतात. मी त्यांना पाळी लावून दिलीय.